घोटभर पाण्याची किंमत

जुन्या गोव्यातील राजाच्या इस्पितळाविषयी दोन फ्रेंच प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. पहिला फ्रान्स्वा पिरार द लाव्हाल. तो १६०८ साली गोव्यास आला. दुसरा जवाहिरांचा व्यापारी झां-बाप्तिस्त ताव्हेर्निये. तो १६४१ साली प्रथम आणि १६४८ साली पुन्हा गोव्यास येऊन गेला. पिरारचे प्रवासवृत्त १६११ मध्ये प्रथम छापले गेले व १६१९ च्या आवृत्तीत ते पुष्कळ विस्तारले. ताव्हेर्नियेचा ग्रंथ १६७६ मध्ये निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोन्ही ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे झाली आणि गोव्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ती आली. पोर्तुगीज राजधानीच्या वैभवाचे वर्णन करावयाचे झाले की पिरारचा आधार घ्यावयाचा आणि तिच्या ऱ्हासाचे चित्र रंगवावयाचे झाले की ताव्हेर्नियेकडे वळावयाचे, अशी लेखकांची वहिवाट पडून गेली आहे. परंतु हे दोन उतारे शेजारी ठेवून, इतिहासाचे अलंकार म्हणून नव्हे तर रुग्णाच्या स्थितीविषयीच्या दोन साक्षी म्हणून वाचले, तर त्यांतून जो प्रश्न उभा राहतो तो सतराव्या शतकापुरता उरत नाही. आपल्या गावच्या, तालुक्याच्या, शहराच्या रुग्णालयाच्या पायरीवर तोच प्रश्न आजही बसलेला आढळतो.

साक्ष तपासताना साक्षीदार कोण, त्याने स्वतः काय पाहिले आणि खोटे बोलण्यात त्याचा काही लाभ आहे काय, हे प्रथम पाहावे लागते. पिरारची स्थिती या दृष्टीने फार बोलकी आहे. तो ज्या जहाजातून निघाला ते १६०२ मध्ये मालदीव बेटांपाशी फुटले. पाच वर्षे तो त्या बेटांवर अडकून पडला. तेथून सुटून मलबारात आला तो पोर्तुगीजांच्या हाती सापडला. कोचीनच्या तुरुंगाचा अनुभव घेऊन, बेड्या व आजारपण अशा दोन्ही गोष्टी अंगावर बाळगीत तो गोव्याला पोचला. म्हणजे पोर्तुगीजांची स्तुती करण्याचे त्याला कोणतेही कारण नव्हते. उलट त्यांच्याविषयी कडू लिहिण्यास भरपूर कारणे होती, आणि अन्यत्र त्याने ते लिहिलेही आहे. अशा माणसाच्या तोंडून शत्रूची प्रशंसा निघते तेव्हा न्यायालय तिला विशेष वजन देते.

हा कैदी सांगतो की, आपणास जेथे आणले ते इस्पितळ आहे हे दारावरचा लेख वाचीपर्यंत आपल्याला पटेना. आपणांस तो राजवाडाच वाटला. आत गेल्यावर रुग्णाचे केस कापून, त्याला स्नान घालून, स्वच्छ वस्त्रे देण्यात येत. लाखेने रंगविलेल्या खाटा, त्यांवर गाद्या, बारीक सुती चादरी. उशाशी पिण्याचे पाणी. जेवणास चिनी मातीची भांडी. पथ्य नसेल त्याला पोटभर कोंबडीचे जेवण. कपडे आणि पांघरुणे नेमाने बदलली जात. व्यवस्था जेझुइट पाद्र्यांकडे होती. रुग्णांची संख्या कधी कधी दीड हजारापर्यंत जाई. व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि शहरातील मोठे लोक रुग्णांना भेटावयास येत व इस्पितळास देणग्या देत. असे इस्पितळ जगात दुसरीकडे नसावे, असा त्याचा अभिप्राय आहे. बरा झाल्यावर मात्र त्याची रवानगी तुरुंगात झाली. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याला कैदी मानणाऱ्या राज्याने तो आजारी असेतोवर त्याला रुग्ण मानले. त्याच्या गुन्ह्याचा हिशेब खाटेपाशी थांबला आणि खाटेवरून उठल्यानंतरच पुढे सुरू झाला.

या साक्षीची उलटतपासणी करावयाची तर दोन गोष्टी तिच्यासमोर ठेवाव्या लागतील. पहिली अशी की, हे इस्पितळ युरोपातून आलेल्यांसाठी, मुख्यतः सैनिकांसाठी होते. ज्या भूमीवर ते उभे होते त्या भूमीच्या लेकरांना त्या रंगीत खाटा नव्हत्या. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एका इस्पितळात सुमारे २५,००० पोर्तुगीज सैनिक मृत्यू पावले, असे इतिहासकार नमूद करतात. पिरार तेथे पडून होता तो याच काळात. मग त्याने पाहिलेले ते वैभव काय कामाचे, असा प्रश्न कोणीही करील.

पण येथेच आपल्या विषयाची पहिली गाठ सुटते. रोग हटविणे आणि रोग्याला सांभाळणे ही दोन कामे आहेत. पहिले काम विद्येवर अवलंबून असते, आणि हिवतापाचे, आमांशाचे, समुद्रप्रवासात जडणाऱ्या रोगांचे खरे कारण त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. जी विद्या जगात नव्हती तिच्या अभावाबद्दल आपण त्या इस्पितळाला दोषी धरू शकत नाही. दुसरे काम मात्र विद्येची वाट पाहत नाही. स्वच्छ चादर, उशाशी पाणी, वेळेवर अन्न, विचारपूस या गोष्टींसाठी कोणत्याही शोधाची आवश्यकता नव्हती आणि नाही. त्या २५,००० जणांपैकी जे पिरारच्या शेजारी मेले ते निदान तहानेले मेले नाहीत. मरणाराला हा फरक लहान वाटत नसतो.

आता दुसरा साक्षीदार. ताव्हेर्निये रुग्ण म्हणून गेला नव्हता. तो सुस्थितीतला व्यापारी होता, व्हाइसरॉयच्या भेटीगाठी घेणारा, चांगल्या घरी उतरणारा. तेव्हा त्याच्या निवेदनातला काही भाग ऐकीव असणार हे धरून चालले पाहिजे. पण त्याच्याही ठिकाणी वैराचा हेतू दिसत नाही. आणि हे इस्पितळ पूर्वी साऱ्या हिंदुस्थानात नावाजलेले होते, आपण प्रथम आलो तेव्हाही तेथे रुग्णांची चांगली बरदास्त होत असे, हे तो आरंभीच मान्य करतो. पुढे मात्र तो म्हणतो की, व्यवस्थापन बदलल्यापासून रुग्णांचे हाल होऊ लागले आणि आत जाणारे पुष्कळसे युरोपीय लोक थडग्याकडे नेण्यासाठीच बाहेर काढले जातात. तीस-तीस, चाळीस-चाळीस वेळा रक्त काढण्याच्या तत्कालीन उपचाराचेही तो वर्णन करतो. परंतु त्याची तक्रार त्या उपचाराविरुद्ध नाही. तक्रार आहे ती जेवणाविषयी व पाण्याविषयी. बरे होऊ लागलेल्या माणसाला पूर्वी निरनिराळे पौष्टिक पदार्थ मिळत, आता मांसाचा सुरवा व भात एवढ्यावर त्याची बोळवण होते. आणि मग त्याने जे लिहिले आहे ते वाचून कोणाही सहृदय वाचकाला क्षणभर थांबावे लागेल. दुखण्यातून उठू पाहणारे गरीब रुग्ण तहानेने व्याकूळ होऊन थोडे पाणी मागतात. सेवक त्यांना हातावर पैसा पडल्यावाचून थेंबही देत नाहीत. आणि पैसा मिळाल्यावरही ते पाणी चोरून देतात, कारण वैद्याने पाणी वर्ज्य सांगितले आहे असा त्यांचा बहाणा असतो.

या शेवटच्या तपशिलात ताव्हेर्नियेची साक्ष खरी ठरते, असे मला वाटते. लाचेची गोष्ट कोणीही रचून सांगू शकेल. परंतु लाच घेणारा वैद्याच्या आज्ञेची ढाल पुढे करतो, ही बारीक गोष्ट कल्पनेने सुचण्यासारखी नाही. ती ज्याने सोसली त्याच्याकडूनच बाहेर आलेली असणार. नियम रुग्णाच्या हितासाठी केलेला असतो. त्याच नियमाला कडी घालून त्याच्याआड दुकान उघडले जाते. मग पाणी न देणारा मनुष्य क्रूर दिसत नाही, शिस्तीचा दिसतो. आणि पैसे घेऊन पाणी देणारा लाचखाऊ दिसत नाही, नियम मोडून उपकार करणारा दिसतो! आपल्याकडच्या रुग्णालयांचा ज्यांना थोडाबहुत अनुभव आहे त्यांना ही किमया नवी वाटणार नाही. कागद पुरा नाही, साहेब आले नाहीत, ही वेळ नव्हे, हे आमच्या विभागात येत नाही, ही वाक्ये नियमांतूनच निघतात; आणि ओळख निघाली किंवा हात ओला झाला की तोच नियम वाकतो. नियम कडक असणे आणि तो वाकणे यांत विरोध नसतो. त्याच्या कडकपणावरच त्याच्या वाकण्याची किंमत ठरते.

ताव्हेर्नियेने घटना खरी सांगितली. परंतु तिचा ठपका त्याने जेथे ठेवला तेथे तो ठेवता येणार नाही. हे सेवक हल्ली काळे किंवा मिश्र रक्ताचे आहेत, म्हणून ते लोभी व निर्दय आहेत, असा त्याच्या लिहिण्याचा सूर आहे. आपल्या वर्णाच्या अभिमानात वाढलेल्या त्या काळच्या युरोपीय माणसाला हे स्पष्टीकरण पुरेसे वाटले. आपणांस ते पुरेसे वाटता कामा नये. पिरारच्या काळी त्या इस्पितळात पाणी भरणारे, चादरी धुणारे, मळ उचलणारे हात काय लिस्बनहून आले होते? कष्टाची कामे तेव्हाही या मातीतल्या माणसांकडून व गुलामांकडूनच करून घेतली जात. बदलले ते व्यवस्थापन, आणि हे ताव्हेर्निये स्वतःच सांगतो. वरचा हिशेब पाहणारा गेला, विचारपूस करणारा थांबला, उत्पन्न कोठे मुरू लागले ते कोणी पाहीनासे झाले. आणि याचा शेवटचा परिणाम पाण्याच्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या सेवकाच्या हातून प्रकट झाला. सेवक निर्दोष होता असे मी म्हणत नाही. परंतु साखळीचा शेवटचा दुवा रुग्णाला दिसतो म्हणून साखळी तेथेच सुरू होते असे मानणे हा विचाराचा आळस आहे. आजही रुग्णालयातील अनास्थेची चर्चा बहुतकरून एखाद्या उद्धट वॉर्डबॉयवर किंवा त्रासलेल्या परिचारिकेवर येऊन थांबते. ताव्हेर्नियेने वर्णाला दोष दिला. आपण कोणाच्या जातीला, कोणाच्या शिक्षणाला, कोणाच्या गरिबीला देतो. ज्याने तीस खाटांना एक परिचारिका नेमली तो मात्र या चर्चेत कोठेच सापडत नाही.

येथे कोणी म्हणेल की, सतराव्या शतकात कायदा नव्हता, आता आहे. आहे खरा, आणि त्याने केलेले काम मी कमी लेखणार नाही. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रकिनारी झालेल्या अपघातात एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. पुण्यात त्याच्यावर उपचार करताना योग्य ती भूल न देता, बळ लावून हाड बसविण्यात आले व तो दगावला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६८ मध्ये न्यायालयाने वैद्याच्या कर्तव्यांची जी मांडणी केली तिचा आधार आजही घेतला जातो. रस्त्यावर जखमी झालेल्या माणसाला पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता प्रथम उपचार मिळालाच पाहिजे, हे १९८९ मध्ये परमानंद कटारा यांच्या अर्जावर ठरले. बंगालमधील एका शेतमजुराला आगगाडीतून पडून डोक्याला जबर मार लागला असता एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठविले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५,००० रुपये भरपाई देवविली. आणि पैशाची अडचण सांगून राज्याला या कर्तव्यातून सुटता येणार नाही असे बजावले. जगण्याच्या मूलभूत अधिकारात वेळेवर मिळणारा उपचार येतो, हे तत्त्व त्या निर्णयाने पक्के केले.

परंतु याच निर्णयांच्या शेजारी कायद्याच्या मर्यादाही लिहिलेल्या आहेत. १९६३ च्या जुलैमध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहिले व ती त्याच महिन्यात वारली. राज्य सरकारला जबाबदार धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९९६ च्या फेब्रुवारीत लागला. मध्ये ३२ वर्षांहून अधिक काळ गेला. आईवाचून राहिलेली मुले तोवर स्वतः आईबाप होण्याच्या वयाला पोचली असतील. दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणण्यात आली व रुग्णांना एक जवळचे दार उघडले. पण जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात ते रुग्णालय त्या दाराबाहेर राहिले, कारण मोल दिल्यावाचून कायद्याच्या भाषेत कोणी ग्राहक होत नाही. २०१९ च्या नव्या कायद्यातही विनामूल्य सेवा व्याख्येबाहेरच आहे. त्या बिचाऱ्याला दिवाणी न्यायालयाची लांब वाट मोकळी आहे, हे खरे. तरीही ज्याने पैसा टाकला त्याची तहान लवकर ऐकली जावी आणि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने थांबावे, ही रचना पाहून ताव्हेर्नियेच्या त्या पाण्याच्या भांड्याची आठवण होते, ती मला टाळता येत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत मूलभूत आहे. कायदा निष्काळजीपणा जाणतो, अनास्था जाणत नाही. निष्काळजीपणा सिद्ध करण्यास कर्तव्य, त्याचा भंग आणि त्यातून झालेली हानी अशी तीन पावले दाखवावी लागतात. रुग्णाने तीन वेळा हाक मारली व कोणी वळून पाहिले नाही. विवस्त्र स्थितीत तपासताना पडदा ओढला नाही. म्हाताऱ्याला 'ए बाबा' म्हणून खेकसले. मुलीच्या रोगाचे नाव बापाला सांगण्याऐवजी चिठ्ठी हातात कोंबली. यांत हानी कोणती दाखवावयाची? जखम भरली, ताप उतरला, रुग्ण घरी गेला. वकिलीच्या व्यवसायात रुग्णालयाविरुद्ध दावा करू इच्छिणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांच्या तक्रारीच्या मुळाशी जावे तर बहुतेक वेळा आढळते की त्यांचे दुःख मृत्यूचे असते. पण संताप मृत्यूचा नसतो. संताप असतो तो कोणी काही सांगितले नाही याचा. 'उपचार चुकले का ते आम्हांला काय कळणार? पण विचारले तर अंगावर आले,' हे किंवा अशासारखे वाक्य त्यांच्या बोलण्यात येतेच. अर्जाच्या मसुद्यात हे वाक्य गाळावे लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने ते अप्रस्तुत ठरते. त्यांच्या दृष्टीने मात्र सारा दावा त्या एका वाक्यात असतो.

या गाळलेल्या वाक्याला आपल्या भाषेने फार प्राचीन काळी जागा करून ठेवली होती. रुग्णसेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून पुढे निघाला. म्हणजे ज्याने रोग्याचे ऐकून घेतले नाही त्याने कितीही औषधे पाजली तरी शब्दाच्या खऱ्या अर्थाने शुश्रूषा केली नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांपैकी परिचारकाच्या ठिकाणी चार गुण अपेक्षिले आहेत. त्याला उपचारांचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, त्याचा रोग्यावर अनुराग असावा आणि तो शुचिर्भूत असावा. येथे अनुराग हा ज्ञान आणि स्वच्छता यांच्या पंक्तीला बसविला आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो शोभेचा सद्गुण म्हणून नव्हे, तर नोकरीची पात्रता म्हणून सांगितला आहे. हात न धुणाऱ्या परिचारकाला आपण अपात्र म्हणतो. माया नसलेल्याला 'स्वभावच तसा आहे' म्हणून चालवून घेतो. त्या प्राचीन शास्त्रकाराने हा भेद केला नव्हता.

याला एक प्रामाणिक उत्तर आहे आणि ते ऐकले पाहिजे. अनुराग पगारपत्रकावर मागता येत नाही, आणि थकलेल्या माणसाकडून तर नाहीच नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रशिक्षण घेणाऱ्या तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. त्या भयंकर घटनेनंतर देशाला कळले की ३६ तासांच्या पाळीत तिला अंग टाकायला धड जागा नव्हती आणि म्हणून ती व्याख्यानाच्या खोलीत जाऊन झोपली होती. जी संस्था आपल्या डॉक्टरला एक सुरक्षित खोली देत नाही ती रुग्णाला आस्था कोठून देणार? आपल्याकडे रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांवर हात टाकतात, त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे एकीकडे न ऐकणारे रुग्णालय आणि दुसरीकडे न ऐकता मारणारा समाज, असा हा सामना आहे. ज्याची कोणी विचारपूस केली नाही त्याला दुसऱ्याची विचारपूस सुचत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून करुणेचा उपदेश परिचारिकांच्या खोलीत फलक लावून करू नये. त्यांच्या पाळ्या, त्यांची संख्या आणि त्यांची झोप ज्यांच्या सहीने ठरते त्यांच्या टेबलावर तो फलक अधिक शोभेल.

तथापि थकवा हे अनास्थेचे कारण असले तरी ते पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. याचा पुरावा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने दिला आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग त्या रुग्णालयात परिचारिका होती. १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये तिच्यावर तेथेच अमानुष हल्ला झाला आणि तिची जाणीव जवळजवळ हरपली. ती २०१५ च्या मे महिन्यात निधन पावली. मधल्या साडेएकेचाळीस वर्षांत त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरविले, कुशीवर वळविले. तिला मरू द्यावे काय हा प्रश्न २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा तिच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिलेले नाही याची नोंद झाली आणि परिचारिकांच्या सेवेचा न्यायालयाने गौरव केला. ज्यांनी कधी तरी महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्यांनाच या एका नोंदीचे मोल कळेल. आणि हे घडले ते कोठे? गर्दीने फुललेल्या, माणसे कमी असलेल्या, महापालिकेच्या रुग्णालयात. तेथेही पाळ्या होत्या, थकवा होता, तुटपुंजी साधने होती.

मग ही माया तेथे कोठून आली? ती आपली होती म्हणून, हे उत्तर सरळ आहे. परिचारिकांनी आपल्यातल्या एकीला सांभाळले. यावर कोणी म्हणेल की, मग यात विशेष ते काय? माझ्या मते सारे विशेष यातच आहे. करुणेची शक्ती त्या संस्थेत होती हे यावरून सिद्ध झाले. प्रश्न उरला तो 'आपले' या शब्दाच्या कक्षेचा. राजाच्या इस्पितळानेही पोर्तुगीज सैनिकाला आपला मानले व त्याला लाखेच्या खाटेवर निजविले. बाहेरच्या गावकऱ्याला आपला मानले नाही. आजच्या रुग्णालयातही डॉक्टरांचा नातेवाईक, पुढाऱ्याची चिठ्ठी आणणारा, इंग्रजीत प्रश्न विचारणारा यांना तीच परिचारिका हसून उत्तर देते, जी शेजारच्या खाटेवरच्या मजूर बाईशी एक शब्द बोलत नाही. तिच्यापाशी आस्था नाही असे नाही. आस्था आहे, पण तिला कुंपण आहे.

आपल्यासारख्या सीमेवर वसलेल्या लोकांना हे कुंपण अधिक लागते. सिंधुदुर्गाचा शेतकरी बांबोळीस जातो, कारवारचा कोळी कधी गोव्यात तर कधी बेळगावात दाखल होतो, आणि खाटेवर पडल्यावर त्याला आपली कळ कोणत्या भाषेत सांगावी ते समजत नाही. कोकणीत सांगितलेली पोटदुखी कन्नड बोलणाऱ्याला कळत नाही, मराठीत केलेली विनवणी दुसऱ्याला उद्धट वाटते. ज्या सेवेचे नावच ऐकण्याशी जोडलेले आहे तिथे भाषेची ही भिंत औषधाच्या तुटवड्याहून कमी गंभीर नाही. रुग्णाची भाषा जाणणारा एक मनुष्य प्रत्येक विभागात असावा, ही मागणी साहित्यसंमेलनाच्या ठरावात येते तशी रुग्णालयाच्या अंदाजपत्रकातही यावयास हवी.

दोन फ्रेंच प्रवाशांच्या साक्षींमधून निघणारा निष्कर्ष आता मांडता येईल. इमारत तीच होती, आणि वैद्यकविद्याही फारशी बदललेली नव्हती. चाळीस वर्षांत जे बदलले ते देखरेखीचे डोळे. पिरारच्या वेळी राज्यातला मोठ्यात मोठा मनुष्य खाटांमधून फिरत होता. त्यामुळे पाण्याच्या भांड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला आपले काम कोणी तरी पाहत आहे हे ठाऊक होते. त्या भेटींत दिखाऊपणाही असेल; परंतु रुग्णाच्या उशाशी पाणी होते. आपल्या सरकारी रुग्णालयांना नागरिकांचा समावेश असलेल्या रुग्ण कल्याण समित्या २००५ नंतर जोडलेल्या आहेत. त्यांच्या सभासदांनी सभेच्या खोलीत बसून खर्चाला मंजुरी देण्याबरोबरच महिन्यातून एकदा, न कळविता, रात्री दहा वाजता विभागातून फिरून यावे. औषध मिळाले काय, हे त्यांनी विचारू नये; त्याची नोंद कागदावर असतेच. पाणी कोणी दिले, हाक कोणी ऐकली, काय झाले आहे ते कोणी समजावून सांगितले, एवढे तीन प्रश्न त्यांनी खाटेपाशी उभे राहून, रुग्णाच्या भाषेत विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत. कायद्याला जी हानी दिसत नाही तिची नोंद अशीच होऊ शकेल. आणि ज्या गोष्टीची नोंद होते तिच्याकडे व्यवस्थापनाला फार दिवस पाठ फिरविता येत नाही.

करुणा कायद्याने निर्माण होत नाही, हे पुष्कळदा बोलले जाते व ते खरे आहे. पण या सत्याचा उपयोग आपण बहुधा हात झटकण्यासाठी करतो. ज्या सेवकाने गोव्यात पाणी विकले तो घरी आपल्या तापलेल्या मुलाला रात्रभर पाणी पाजीत बसला असेल, यात मला संशय वाटत नाही. त्याच्या ठिकाणी करुणा नव्याने निर्माण करावयाची नव्हती. ती खाटेवरच्या परक्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था उभी ठेवावयाची होती. ती व्यवस्था मोडली तेव्हा प्रथम कोठल्या मोठ्या शस्त्रक्रियेत चूक झाली नाही. प्रथम घोटभर पाण्याला किंमत आली.